सात पाण्यांचा भात

जळकोटात पिराजी दोन होते. एक हायवेला सायकलींचे पंक्चर काढायचा, त्याला पंक्चर पिराजी म्हणत. दुसरा पिराजी ओव्हाळ. हा बोटीवर नोकरी करून, जपान बघून आला होता, म्हणून गावानं त्याला जपान्या करून टाकलं. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. यष्टीची वाट बघणारं कुणीतरी उगाच छेडायचं, "जपान्या, काय खात व्हते रं तितं?"

"भात," पिराजी सांगायचा. "भाताचा बोटाएवढा मुटका, आन् त्याच्यावर मासा."

"शिजवलेला का कच्चा?"

"कच्चा."

मग हशा व्हायचा. कुणी थुंकायचं, कुणी तोंड वाकडं करायचं. पिराजीही हसायचा आणि सायकलवर टांग टाकून साखर कारखान्याच्या कँटीनची वाट धरायचा. कारखाना सहकारी होता, नवा होता, आणि पिराजी तिथं आचारी होता. भाताच्या पुढची गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

बहात्तरच्या दुष्काळात तो बावीस वर्षांचा होता. आई पुतळाबाई आणि तो, दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. दुपारी सुकडी मिळायची, ती ओंजळीत घेऊन दगडाच्या सावलीला बसून खायची. पिराजीचे हात सोलपटून निघाले होते. मावशीचा नवरा बब्रुवान मुंबईच्या गोदीत होता. तो गावाकडची खबर घ्यायला आला, त्यानं ते हात पाहिले आणि पोराला बरोबरच घेऊन गेला. वर्षभर पिराजीनं गोदीत गोण्या उचलल्या. मग बब्रुवाननं कुणाकुणाचे पाय धरून त्याला एका मालवाहू बोटीच्या भटारखान्यात लावून दिलं. मुंबईला येईपर्यंत ज्यानं बोरी नदीपेक्षा मोठं पाणी बघितलं नव्हतं, तो माणूस पहिले आठ दिवस ओकून ओकून अर्धा झाला. नवव्या दिवशी उठला आणि बटाटे सोलायला बसला.

पंच्याहत्तर साली ती बोट जपानात कोबे बंदरात दुरुस्तीसाठी अडकली. आठवडा लागेल म्हणाले, लागले सत्तेचाळीस दिवस. बोटीवरची बाकीची मंडळी संध्याकाळी बंदराच्या गल्ल्यांत जायची. तिथं दारू होती, गाणी होती, मारामाऱ्या होत्या. पिराजी पीत नव्हता. सुट्टी मिळाली की तो एकटाच उलट्या दिशेनं, डोंगराकडं चालत सुटायचा.

चढाचा रस्ता होता. जसजसं वर जावं तसतसा बंदराचा गलका खाली राहायचा. वर सगळी घरांची वस्ती, बुटक्या भिंती, भिंतीवरून डोकावणारी झाडं, दारात ओळीनं लावलेल्या कुंड्या. माणसं होती, पण आवाज नव्हता. पहिल्या दिवशी चालून चालून त्याला कडकडून भूक लागली. एका दुकानाच्या काचेत जेवणाची ताटं मांडलेली दिसली म्हणून तो दाराशी गेला, तर आतून एक बाई आली आणि तिनं दोन्ही हातांची छातीपुढं फुली केली. नाही.

पिराजी मागं सरकला. ही फुली त्याला चांगली ओळखीची होती. फक्त हातांनी केलेली त्यानं पहिल्यांदा पाहिली. तुळजापूरला जत्रेत त्याचा बाप कोंडिबा हॉटेलाच्या बाहेर उभा राहून चहा प्यायचा. त्याच्यासाठीची कान तुटलेली कपबशी भिंतीतल्या कोनाड्यात असायची, प्यायल्यावर आपली आपणच विसळून परत ठेवायची. पिराजी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेल. त्याला वाटलं, इथंपण कुणीतरी सांगून ठेवलं वाटतं.

दुकान दुपारचं बंद असतं, एवढंच ती बाई सांगत होती. पण हे त्याला पुढं दहा दिवसांनी कळलं.

तो तसाच पुढं गेला. वळणावर एक लहानसं दुकान होतं. दारावर निळ्या कापडाचा अर्धा पडदा, पडद्यावर पांढरी अक्षरं. आतून भाताचा आणि कसल्याशा आंबट वाफेचा वास येत होता. पिराजी पडद्याच्या बाहेर उभा राहिला. आत जावं का नाही, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना. बोटीवर दोन वर्षं काढली होती, सिंगापूर पाहिलं होतं, पण दारात आला की पाय आपोआप थांबायचे.

तेवढ्यात पडदा वर झाला. टकलावर पांढरा पट्टा बांधलेला एक साठीचा माणूस बाहेर आला. त्यानं पिराजीकडं पाहिलं, काहीतरी बोलला आणि पडदा एका हातानं वर धरून तसाच उभा राहिला. पाहुणा वाकून आत येईपर्यंत त्यानं तो सोडला नाही.

आत एक लांब लाकडी फळी आणि तिच्यापुढं सहा स्टुलं. म्हाताऱ्यानं वाफाळलेलं ओलं फडकं पुढं ठेवलं. ते खायचं का पुसायचं हे पिराजीला कळेना. म्हाताऱ्यानं स्वतःचे हात एकमेकांवर चोळून दाखवले. पिराजीनं हात पुसले, फडकं काळं झालं, त्याला लाज वाटली. म्हाताऱ्यानं ते उचललं आणि दुसरं दिलं.

मग त्यानं लाकडी पातेल्यातून चिमटीत भात घेतला, तळहातात दोनदा दाबला, वर पिवळ्या अंड्याची वडी ठेवली, पुन्हा दाबला. पिराजी चमचा शोधत होता. म्हाताऱ्यानं मान हलवली. त्यानं तो मुटका उचलला आणि सरळ पिराजीच्या तळहातावर ठेवला. म्हाताऱ्याची बोटं गार होती, ओली होती. ती पिराजीच्या तळव्याला लागली, आणि म्हाताऱ्यानं ती काही झटकली नाहीत की पुसली नाहीत. त्याच हातानं तो पुढचा मुटका वळायला लागला.

अंड्यानंतर उकडलेली कोळंबी आली. तिच्यानंतर कच्चा, लालभडक मासा. पिराजीनं डोळे मिटून तोंडात टाकला. वास नव्हता. जिभेवर तो थंडगार पडला, मग आंबूस भात सुटा सुटा झाला, आणि मग नाकात काहीतरी असं झणकलं की त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हातारा खदखदून हसला. मागून त्याची बायको आली, तीही हसली, तिनं चहा पुढं केला. पिराजीनं ते पाणी पुसलं, पण बराच वेळ ते थांबेना. झणक तर केव्हाच उतरली होती.

म्हाताऱ्याचं नाव मोरी. पिराजीला सुट्टी मिळेल तेव्हा तो तिथं जाऊ लागला. भाषा नव्हती. एकदा त्यानं गळ्यातलं बुद्धाचं लॉकेट काढून दाखवलं. मोरीच्या बायकोनं ते दोन्ही हातांनी घेतलं, "होतोके-सामा" म्हणाली आणि त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथं एका लहानशा कपाटात बुद्धाची मूर्ती होती, पुढं वाटीभर ताजा भात. पिराजीनं हात जोडले. तिनंही जोडले. त्या दिवसापासून पिराजी फळीच्या अलीकडं बसेना, पलीकडं उभा राहून मोरीला मदत करायला लागला. तांदूळ सात वेळा धुवायचा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. शिजला की सिरका, मीठ, साखर घालून लाकडी उलथन्यानं कापत कापत हलवायचा, बाजूनं पंख्यानं वारा घालायचा. तळहात ओला करायचा, पण फार नाही. नदीचा मासा कच्चा खायचा नाही, हे मोरीनं एका कागदावर नदी आणि मासा काढून, मग पोट धरून लोळून दाखवत शिकवलं.

अठ्ठ्याहत्तर साली कोंडिबा पडला आणि त्याची एक बाजू गेली, तेव्हा पिराजी बोट सोडून गावी आला. वर्षभरानं बाप गेला. त्याच्या पुढच्या वर्षी पिराजीनं सरुबाईशी लग्न केलं. ती ईट गावची, हाताची झपाट्याची, तोंडानं सरळ. कारखाना उभा राहिला तेव्हा बोटीवरचा दाखला बघून साहेबांनी त्याला कँटीनला घेतलं. पहिल्या हंगामात काही कामगार फडक्यात भाकरी बांधून आणायचे आणि कँटीनच्या पायरीवर बसून खायचे. कारण कुणी बोलायचं नाही. पिराजी विचारायचा नाही. दुसऱ्या हंगामात त्याच्या पिठल्याचा वास पायरीपर्यंत पोचला, आणि एकेक जण आत येऊन बसला.

त्याचं सगळं ठीक चाललं होतं. तरी मधूनच ते यायचं. कँटीनच्या मोठ्या पातेल्यात भात उकळत असला, वाफ तोंडावर आली, की पिराजी उलथनं हातात धरून नुसताच उभा राहायचा. डाळ करपल्याचा वास आला की भानावर यायचा. सोलापूरला गेला की मोठ्या हॉटेलांच्या पाट्या वाचत हिंडायचा. मुंबईकडच्या ट्रकवाल्यांना विचारायचा, "तिकडं जपानी खाणावळ हाय का हो कुटं?" ट्रकवाले त्याच्याकडं बघतच राहायचे.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कारखाना बंद होता आणि यंत्रांची दुरुस्ती चालली होती. पुण्याहून आलेला एक फिटर जेवता जेवता म्हणाला, "आमच्याकडं जपानी हॉटेल निघालंय. नदीपलीकडं, बंगल्यांची शांत कॉलनी आहे ना, तिथं."

पिराजीच्या हातातली पळी तशीच राहिली. "सुशी असती का तितं?"

"सगळं असतं म्हणे. मी कशाला जातोय?"

त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं सरुबाईला सांगितलं, "पुण्याला जायाचंय. तूबी चल."

"काय हाय पुण्यात?"

"जेवायला."

"जेवायला पुण्याला?" सरुबाई त्याच्याकडं बघत राहिली. त्याचा चेहरा पाहून तिनं पुढचं काही विचारलं नाही. सासूसाठी दोन दिवसांच्या भाकरी करून ठेवल्या, इरकली लुगडं नेसली आणि तयार झाली.

सोलापूरला यष्टी बदलून ते पुण्याला पोचले. नदी ओलांडली. कॉलनी खरंच शांत होती. मोठमोठी झाडं, बंद फाटकं, कुठंतरी सतारीसारखं वाजत होतं. पिराजीची चाल बदलली. तो भरभर चालायला लागला, वळणावर थांबून वास घ्यायला लागला. सरुबाईच्या चपलेचा अंगठा तुटला, ती तशीच फरफटत मागं येत होती.

पोस्टमनला विचारलं, त्याला माहीत नव्हतं. एका बंगल्याच्या माळ्याला विचारलं, तो कानानं कमी होता. झाडाखाली इस्त्रीची गाडी होती, तिथं पिराजीनं विचारलं, "दादा, इकडं सुशी कुटं मिळंल?"

इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवली. "सुशी? सुशीलाबाई का? त्या तीन नंबरात. पण त्या आता मुलीकडं गेल्यात बघा, नागपूरला."

सरुबाईनं पदर तोंडाला लावला. पिराजीला पहिल्यांदा राग आला, मग तोही हसला.

शेवटी सापडलं. बंगल्याच्या खालच्या मजल्यावर लाल कागदाचे कंदील लटकत होते. भिंतीवर आग ओकणारा हिरवा साप रंगवला होता. दारावर पडदा नव्हता, काच होती. काच पाहून पिराजीचे पाय पुन्हा थांबले. सरुबाईनं तुटकी चप्पल हातात घेतली, दुसऱ्या हातानं काच ढकलली आणि म्हणाली, "चला की. एवढ्या लांबनं आलोय."

आत गार होतं. वेटरनं त्यांच्याकडं एकदा खाली, एकदा वर पाहिलं, पण बसू दिलं. पिराजीनं बोटीवरचं इंग्रजी लावून कार्ड वरून खाली दोनदा वाचलं. मग विचारलं, "सुशी?"

वेटरला कळलं नाही. त्यानं आचाऱ्याला बोलावलं. आचारी नेपाळकडचा होता, कोवळा आणि भला माणूस. पिराजीनं हवेतच भात घेतला, तळव्यात दाबला, त्यावर मासा ठेवल्यासारखं केलं. आचारी ते हात बघत राहिला. मग हिंदीत हळूच म्हणाला, "भाऊ, हे आम्हाला येत नाही. मालकाला चीन काय, जपान काय, सगळं सारखंच. मुंबईत एका मोठ्या हॉटेलात करतात असं ऐकलंय. पण तिथं तुम्ही-आम्ही नाही जात."

मग त्यानं आपल्या मनानं दोन ताटल्या करून पाठवल्या. लाल रस्सा घातलेली कोंबडी होती आणि लांब लांब शेवया.

सरुबाईनं एक घास खाल्ला. "शेवया तिखट केल्यात," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "हेच का हो ते?"

पिराजी खाली बघून खात होता. "व्हय," तो म्हणाला. "हेच."

सरुबाईनं ताटली पुसून खाल्ली. एक शेवई ठेवली नाही.

परतीच्या गाडीत इंदापूर मागं पडल्यावर ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "ते काय हे न्हवतं. खोटं बोलू नका."

पिराजी हातातल्या तिकिटाची घडी घालत राहिला.

"तुमाला जेवण आठवतंय, का मानूस?"

तेव्हा मात्र पिराजी बोलायला लागला. चढाचा रस्ता, फुली करणारी बाई, निळा पडदा, ओलं फडकं. मोरीचं नाव ऐकून सरुबाई फिसकन हसली, "मोरी? न्हाणीची?" आणि लगेच म्हणाली, "बरं, सांगा फुडं." त्यानं सांगितलं की म्हाताऱ्यानं आपल्या हातानं वळलं आणि माझ्या हातावर ठेवलं. हे सांगताना त्यानं आपला तळवा पुढं धरला, आणि सरुबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग बाहेर पाहिलं.

"आन् निगताना?" तिनं विचारलं. "निगताना काय म्हनला त्यो?"

"बोट दोन दिस आदीच सुटली," तो म्हणाला. "सकाळी कळलं, दुपारी सुटायची. म्या पळतच वर गेलो. पडदा लावलेला न्हवता, म्हंजी दुकान बंद. त्यांची सुट्टी आसंल, कुटं गेलं आसतील. म्या हाका मारल्या, दार वाजवलं. शेजारची बाई आली, तिला काय सांगावं? आर्दा तास उबा ऱ्हायलो. मग खाली आलो." त्यानं तळवा मिटून घेतला. "त्यास्नी वाटलं आसंल, आला न्हाय परत. खाऊन गेला, इसरला."

"पत्ता?"

"पाटी जपानीत. म्या काय वाचनार? नुसता रस्ता म्हाईत हाय."

सरुबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. गाडीत एवढी माणसं असताना ती असं कधी करत नसे. टेंभुर्णी आली, माणसं चढली-उतरली, तरी तिनं तो काढला नाही.

घरी आल्यावर चार दिवसांनी तीच म्हणाली, "करा बरं एकदा. म्याबी बगते काय हाय ते."

मासा नळदुर्गाहून आणला, बोरीच्या धरणातला मरळ. सिरका नळदुर्गाच्याच अत्ताराच्या दुकानातून, उसाच्या रसाचा. तांदूळ रेशनचा, जाड, शिजल्यावर चिकटणारा. पिराजी तो धुवायला बसला. एक पाणी झालं, दोन झाली, तिसऱ्याला सरुबाई उठून आली.

"किती धुताव? दोनी बोअर आटलेत. टँकर आता सोमवारीच यील."

"सात पाणी लागत्यात."

"सात?" तिनं कपाळाला हात लावला. मग घमेलं आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. "ह्यात वता. शेळीला व्हईल. आन् सातच. आठवं न्हाय."

मरळ तव्यावर जरासा परतून घेतला. भातात सिरका कालवला. सरुबाई सुपानं वारा घालत बसली. तिकडून पुतळाबाई ओरडली, "आगं काय पाखडतीस भाताला?" पिराजीनं तळहात ओला केला, भात घेतला, दोनदा दाबला, वर माशाची चकती ठेवली. सरुबाईनं न सांगता हात पुढं केला. त्यानं मुटका तिच्या हातावर ठेवला.

तिनं चावला. भुवया वर गेल्या. "आंबट हाय," ती म्हणाली. आणखी चावत राहिली. "पर वंगाळ न्हाय. आनिक एक द्या."

पुतळाबाईला दात नव्हते. तिनं तीन खाल्ले. "लई ग्वाड," ती म्हणाली, "दाताला तरास न्हाय. ह्येच करीत जा रं."

पिराजीनं शेवटी स्वतःच्या तोंडात एक टाकला. डोळे मिटले. सरुबाई त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती. तांदूळ जाड, सिरका उग्र, माशाला तव्याची चव. त्या पडद्याआडच्या वाफेजवळ ते कुठंच पोचत नव्हतं. त्यानं डोळे उघडले.

"जमलं?"

"न्हाय."

"मग?"

"सिरका कमी करून बगतो."

तिथून पुढं कारखाना बंद असला की ऐतवारी तो हे करायचा. कधी मीठ बदलायचा, कधी तांदूळ. तुळजापूरला देवीच्या बाजारात त्याला कोकणाकडचा कुणी व्यापारी भेटला, त्याच्याकडून सुके बोंबील आणून पाहिले, ते तर मुळीच जमलं नाही. सत्त्याऐंशीत जळकोटात नळ आला, तेव्हा त्यानं आठ पाण्यांनी धुऊन पाहिलं. गल्लीतली लहान लेकरं वाटी घेऊन यायची, आणि त्यांच्या भाषेत त्या मुटक्यांचं नाव "मोरी" पडलं. पिराजीनं ते बदललं नाही.

पहिला मुटका मात्र तो कुणाला द्यायचा नाही. तो स्वतः तोंडात टाकून डोळे मिटायचा. सरुबाई हातातलं काम थांबवून वाट बघायची. तो मान हलवायचा, आणि तळहात पाण्यात बुडवून दुसरा वळायला घ्यायचा.